चार बोटांची भिंत

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखिकेने आयुष्यातली पहिली भिंत वयाच्या पंधराव्या वर्षी, घरमालक, आईवडील किंवा अन्य कोणाचीही परवानगी न घेता, भर दुपारी, मसाला वाटायच्या वरवंट्याने फोडली. फोडण्यापूर्वी तिने भिंतीच्या आत काय आहे ते तपासलं नव्हतं. जाडी मोजली होती, पण चुकीच्या ठिकाणी. आणि मुख्य म्हणजे ती भिंत पूर्णपणे तिची नव्हती, निम्मी शेजाऱ्यांची होती. गेली बावीस वर्षं टीव्हीवर बोट नाचवून ‘आधी मोजा, मग फोडा’ असं सांगणाऱ्या बाईचा हा कबुलीजबाब आहे. माझ्या भरवशावर ज्यांनी आपला चांगला चालता ओटा तोडून घेतला, त्यांनी तो कृपया बसून वाचावा.

माझा कार्यक्रम पाहणाऱ्यांना माझी एक सवय ठाऊक आहे. प्रत्येक भागात पहिला घाव पडायच्या आधी मी मिस्त्रींचा हात धरते, भिंतीला तळवा लावते आणि म्हणते, “थांबा. वर माणसं राहतात.” मग मिस्त्री थांबतात, कॅमेरा माझ्या चेहऱ्यावर येतो आणि जाहिराती लागतात. लोकांना वाटतं हे वाक्य कुणा लेखकाने लिहून दिलंय. मध्यंतरी एका नव्या, तरतरीत निर्मात्याने ते बदलून काहीतरी चटपटीत घेऊया असं सुचवलं होतं. त्याला मी फक्त चहा पाजला. एकदा लोणावळ्याच्या एकमजली बंगल्यातही मी ते सवयीने म्हणून गेले. वर कौलं होती आणि कौलांवर एक माकड बसलेलं होतं, पण वाक्य बदललं नाही. बदलणार कसं, ते माझं नाहीच. ज्यांचं आहे त्यांनी ते आयुष्यात एकदाच आणि अगदी नाइलाजाने उच्चारलं.

डिलाईल रोडला दुसऱ्या मजल्यावर आमची खोली होती, दहा बाय बाराची. तिच्यात आई, बाबा, मी आणि खाणावळ असे चौघं राहायचो. खाणावळ हे माणूसच होतं. तिची पथ्यं असत, रुसवेफुगवे असत, आणि घरात सगळ्यात आधी तिचं बघावं लागे. गावाकडे बायकामुलं ठेवून मुंबईत गिरणीत लागलेले बारा गडी आईकडे जेवायला होते. एवढ्याशा खोलीत बारा जण जेवायला बसतात म्हटलं की दादरच्या माझ्या मैत्रिणी डोळे मोठे करायच्या. पण बारा जण एकत्र कधी येतच नसत. पहिल्या पाळीचे चार, दुसऱ्या पाळीचे चार, तिसऱ्या पाळीचे चार. चार उठले की आई ओलं फडकं फिरवायची, की पुढच्या चारांचे पाट. बाबांची पाळी बदलली की माझी अभ्यासाची जागा बदलायची. आमच्या भागातली घरं विटांची नव्हती, पाळ्यांची होती. आजही एखाद्या कुटुंबाचं घर बघायला गेले की मी भिंतीचा रंग विचारत नाही. कोण किती वाजता कुठे बसतं, एवढंच विचारते. लोक गोंधळतात, मग हळूहळू सांगायला लागतात, आणि अर्ध्या तासात त्या घराची सगळी भांडणं माझ्यासमोर मांडलेली असतात.

जेवण मालवणी. घाटावरचे गडी सुरुवातीला आठ दिवस नाकं मुरडायचे आणि नवव्या दिवशी दुसऱ्यांदा सोलकढी मागायचे. कुळथाची पिठी, भात, एखादी पालेभाजी, आणि बुधवारी, रविवारी मासळी. वरळी कोळीवाड्यातून एक कोळीण पाटी घेऊन थेट आमच्या जिन्यापर्यंत यायची. तिची आणि आईची घासाघीस म्हणजे चाळीची करमणूक होती. दोघी एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला की जिन्यात बसून एकत्र चहा प्यायच्या. बांगडे महाग असतील त्या रविवारी मांदेली व्हायची, आणि आईच्या हातची मांदेली खाताना सगळे गप्प बसत. फक्त चावण्याचा कुरकुर आवाज. नाहीतर आमच्या घरात गप्प असं कोणी बसतच नसे.

भोंगा बंद पडला आणि गिरणगाव कसं मुकं झालं, यावर पुष्कळांनी लिहून ठेवलं आहे. मला आठवतो तो आमचा आवाज. बाबा साचेखात्यात होते, म्हणजे माग चालवायचे. तिथे शेकडो माग एका वेळी खडखडायचे, आणि बारा-पंधरा वर्षं त्यात काढली की माणसाचा कान अर्धा जातो. त्यामुळे साचेवाल्यांच्या घरात सगळेच ओरडून बोलायचे. ‘मीठ दे’ हेसुद्धा आमच्याकडे सभेत ठराव मांडल्यासारखं मागितलं जाई. माझे ध्वनिमुद्रणवाले अजून म्हणतात, ताई, तुम्हाला माइक लावणं हा माइकचा अपमान आहे. पण खुद्द साचेखात्यात ओरडूनही उपयोग नसायचा. तिथली माणसं ओठ वाचत आणि हातांनी बोलत. अंगठा ओठाला लावला की चहा. मिशीला पीळ दिला की मुकादम येतोय. दोन बोटं जुळवून फाकवली की धागा तुटला. तळहात सपाट धरून हवेत कापल्यासारखा फिरवला की माग बंद कर. बाबा आणि शांतारामकाका या भाषेत काय काय बोलायचे! मुकादमाच्या चालण्याच्या नकला, कुणाच्या लग्नात काय बिनसलं, गावच्या दशावतारात राक्षस कोण झाला होता. चौदा वर्षं दोघांचे माग शेजारी शेजारी होते. आणि आमच्या खोल्याही शेजारी शेजारी, मध्ये एक भिंत.

मग संप झाला. पहिले काही महिने चाळीत उत्सव होता, ते मी नाकारणार नाही. सगळे बाप घरी. पण पाळ्या बंद झाल्या आणि आमच्या खोलीचं गणितच मोडलं. बारांतले चार गडी गावी गेले. उरलेल्या आठांनी मिळेल ते काम धरलं. कोणी दादरच्या भाजी बाजारात पाट्या उचलायचा, कोणी इमारतीच्या कामावर, कोणी पहारेकरी. आणि हे आठही जण दुपारी एकच्या सुमारास एकदम भुकेले होऊन दारात यायचे. पाट चारच मावत. मोरी, चूल, डबे, लोखंडी खाट, गड्यांच्या ट्रंका हे सगळं सोडून जेवढी जमीन उरायची त्यात पाचवा माणूस बसला असता तर दुसऱ्याच्या ताटात बसला असता. उरलेले चार जण गॅलरीत उभे राहून आतल्यांचे घास मोजायचे. कामावर परत जायची घाई. अर्धपोटी उठणाऱ्यांचे आणि ताटकळणाऱ्यांचे चेहरे सारखेच दिसू लागले. नाक्यावरच्या खाणावळीत बाकडी होती. तिथे एकदम वीस जण बसत. आमच्यातले गडी तिकडे बघायला लागले आहेत हे आईला कळत होतं. खाणावळ हा तेव्हा घरातला एकमेव चालू माग होता.

बाबांनी एके दिवशी ताटावरून उठता उठता जाहीर केलं की शिमग्याला गावी जायचं ते परत यायचं नाही. आठ माणसांना बसायला जागा देता येत नसेल तर खाणावळ चालवायची कशाला, आणि खाणावळ नसेल तर मुंबईत राहायचं कशाला. त्यांच्या दृष्टीने विषय संपला. माझ्या दृष्टीने तो नुकता सुरू झाला होता. मी नववीत होते आणि गावच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग होते. म्हणजे माझं शिक्षण आता उलट्या दिशेने सुरू होणार होतं. शिमग्याला दोन महिने होते. दोन महिन्यांत दहा बाय बारात आठ पाट बसवायचे, नाहीतर मुंबई संपली. त्यानंतर मी पुष्कळ कठीण घरं केली, एका बोळात राहणाऱ्या सात जणांचं सुद्धा. पण एवढी कडक मुदत मला कोणत्याही चॅनेलने दिली नाही.

शाळेतून खडू ढापले. जमिनीवर आठ पाटांचे चौकोन काढले, ते बसेनात, पुसले, पुन्हा काढले. खाट उभी करून भिंतीला टेकवली, एक पाट वाढला. ट्रंका खुंट्यांना टांगून पाहिल्या. निकममामांची ट्रंक भल्या पहाटे खुंटीसकट खाली आली आणि आठवडाभर मला कोणी हाक मारली नाही. राहिली डब्यांची मांडणी. ती भिंतीलगत हातभर जागा खात होती. डबे भिंतीच्या आत ढकलता आले तर? कोनाडा! खिडकीत बसून मी कितीदा अभ्यास केला होता. तिथे भिंत चांगली हातभर जाड होती. म्हणजे हातभर जाडीत वीतभर खोल कोनाडा सहज निघेल. हे गणित इतकं सुंदर होतं की मी ते आईला सांगितलंच नाही. बाहेरची भिंत आणि दोन खोल्यांमधली भिंत या दोन वेगळ्या वस्तू असतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आतली भिंत लाकडी पट्ट्यांवर चुना थापून केलेली होती. तिची जाडी चार बोटं. हल्ली मी तरुण डेकोरेटरांसमोर व्याख्यान देते तेव्हा चार बोटं वर करून सुरुवात करते. त्यांना ते चारसूत्री कार्यक्रमासारखं काहीतरी वाटतं, आणि ते वह्या उघडतात.

आता भिंतीपलीकडचं सांगायला हवं, कारण माझा वरवंटा तिकडेच निघाला होता. शांतारामकाका संपाच्या दुसऱ्या वर्षात एका सकाळी ‘आत गेले’. चाळीत तेवढेच दोन शब्द वापरत. गिरणीच्या बंद गाडीत बसून, कोणाला न सांगता ते कामावर गेले. गावी त्यांची बायको अंथरुणाला खिळली होती हे आईला माहीत होतं. बाबांनी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी अंगणात सभा झाली. मारुतीच्या देवळीसमोर नारळावर हात ठेवून बाबा म्हणाले, ह्या माणसाशी ह्यापुढे मी तोंडातून शब्द काढणार नाही. त्यांच्या मागोमाग आमच्या आठही गड्यांनी हात ठेवला. नळावर काकांची बादली लोक पायाने बाजूला सारू लागले. बारांच्या हिशेबात नसलेले, घरचेच म्हणून आमच्याकडे जेवणारे काका आता स्वतः रांधू लागले, म्हणजे जाळू लागले. रोज भिंतीपलीकडून करपलेल्या भाताचा वास यायचा. आई तो वास आला की हातातलं काम थांबवायची, भिंतीकडे बघायची, आणि कोणालाही उद्देशून नाही अशा सुरात म्हणायची, पाणी कमी पडलं. बाबा वर्तमानपत्र उलटं धरून वाचत राहायचे.

तर एका दुपारी आई रेशनच्या रांगेत आणि बाबा गिरणीच्या दारावरच्या सभेत असताना मी डबे खाली काढले, खडूने चौकोन आखला आणि वरवंटा हाणला. पहिल्या तीन घावांत चुन्याचे पोपडे पडले. चौथ्याला लाकडाची पट्टी करकरली. पाचवा घाव मी सगळा जीव लावून घातला, आणि वरवंटा, मनगट आणि कोपरापर्यंतचा हात असा सगळा लवाजमा भिंतीच्या पलीकडे गेला. तिकडे काहीतरी खळ्ळकन फुटलं. शांतारामकाकांची तिसरी, रात्रीची पाळी होती आणि ते झोपून उठून भिंतीवरच्या आरशासमोर दाढी करत होते. आरसा गेला आणि त्याच्या जागी त्यांच्या नाकासमोर एक मुलीचा हात आला, वरवंट्यासह. मी हात ओढून घेतला आणि भोकातून पाहिलं. अर्धा चेहरा साबणाचा, अर्धा माणसाचा. मला वाटलं आता काहीतरी ऐकावं लागणार. काकांनी वस्तरा खाली ठेवला, वाकून नीट माझ्याकडे बघितलं आणि दीड वर्षांत पहिल्यांदा आमच्या घराशी बोलले.

“काय सोधतंस गो बाय?”

मी खरं ते सांगितलं. “जागा.”

त्यांनी वळून आपल्या खोलीकडे पाहिलं. मीही पाहिलं. आमच्याएवढीच खोली, पण तिच्यात एक स्टोव्ह, एक ट्रंक, दोरीवर एक सदरा. बाकी जमीन. इतकी मोकळी जमीन मी चाळीत कधीच पाहिली नव्हती. मी मनातल्या मनात पाट मांडायला सुद्धा लागले.

आई आली, तिने भोक पाहिलं, माझी पाठ शेकली, आणि लक्ष्मीचं कॅलेंडर आणून भोकावर टांगलं. पण कॅलेंडर वाऱ्यावर हलायचं. बाबा आले, हातपाय धुतले, खाटेवर बसले, आणि लक्ष्मी त्यांच्यासमोर आत-बाहेर श्वास घेताना दिसली. त्यांनी उठून कॅलेंडर उचललं. पलीकडे काका, अर्धी दाढी तशीच. मी आणि आई चुलीपाशी दगड होऊन उभ्या. बाबांनी तोंड उघडलं, नारळ आठवला, मिटलं. मग त्यांचा हात आपोआप वर आला. दोन बोटं जुळवली, फाकवली, भुवया उंचावल्या. धागा कसा तुटला? काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि मिशीला पीळ दिला. मुकादमीण. बाबांच्या ओठांचा एक कोपरा हलला, मी पाहिला. ते कॅलेंडर सोडतील असं वाटलं, पण ते उभेच राहिले. काकांचा हात चालू झाला. बाबांचा चालू झाला. सगळं मला कळलं नाही. ‘बंद गाडी’ कळलं. ‘का नाही सांगितलंस’ कळलं. मग काकांनी डोक्याखाली हात घेऊन डोळे मिटले, म्हणजे आजारी बायको, आणि बाबांचे हात खाली आले. एवढं मोठं भांडण आमच्या घरात एवढ्या शांतपणे कधी झालं नव्हतं. शेवटी बाबांनी अंगठा ओठाला लावला. आईने चहाचा कप भोकातून पलीकडे दिला.

दुसऱ्या दिवसापासून करपलेला वास बंद झाला. आई ताट तिरकं करून भोकातून सरकवायची, काका रिकामं ताट घासून परत द्यायचे. बाबा संध्याकाळी कॅलेंडर उचलून तासभर हातवारे करायचे. तोंडातून शब्द काढणार नाही म्हटलं होतं, आणि काढत नव्हते. कायदेशीर बाबतीत माझे वडील फार काटेकोर होते.

मी काकांना योजना सांगितली होतीच: भोकाचं दार करायचं, चार पाट इकडे, चार तिकडे. काका लगेच तयार झाले. आईने भोकाकडे बघून एवढंच म्हटलं की झालंच आहे तर निदान सरळ तरी होऊ दे. घरमालकाचा माणूस महिन्यातून एकदा यायचा. त्या दिवसापुरती लक्ष्मी होतीच. बाबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. अडले ते गडी. त्यांचे पुढारी निकममामा, साताऱ्याकडचे, पहाडासारखे, आईच्या सोलकढीचे सगळ्यात मोठे भक्त. ते ताटावरून न उठता, शांतपणे म्हणाले, “वहिनी, दार पाडा, न्हायतर वाडा बांधा. त्या खोलीत आमी बसणार न्हाय. दत्ताराम ज्या दिवशी त्याच्याशी तोंडानं बोलंल, त्या दिवशी बसू. नारळावर पयला हात त्याचा हुता.”

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी भातात बोट फिरवलं. मी त्यांच्याकडे इतकं टक लावून पाहत होते की आईने मला कोपराने ढोसलं. एक शब्द. कुठलाही चालला असता. ‘मीठ’ म्हटलं असतं तरी मी दहावीपर्यंत पोचले असते. पण बाबा उठले आणि हात धुवायला मोरीवर गेले. त्या रात्री, नाही, रात्रीचं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी सकाळी मला उशी ओली सापडली एवढंच. आई म्हणाली, “त्येंका बोलाचा आसा गो. पण आता मागे कसा येवचा, ता कळणा नाय.” मोठी माणसंही अडकतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आता माझ्या कार्यक्रमात दोन भावांच्या घराची भिंत असली की मी त्यांना एकमेकांकडे बघायला लावत नाही. दोघांना एकाच फळीची दोन टोकं धरायला लावते.

शिमग्याला पंधरा दिवस उरले होते तेव्हाचा रविवार. काकांची सुट्टी. त्यांनी गिरणीतल्या कोणा सुताराकडून घण मागून आणला होता. मी इकडून वरवंटा घेऊन सज्ज. आठही गडी गॅलरीत रांगेने उभे होते, कारण एक वाजला होता आणि मांदेली तळून झाली होती. तसे ते भिंतीचा तमाशा बघायला आले नव्हते, पण नजर एकाचीही मांदेलीवर नव्हती. बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते, वर्तमानपत्र या वेळी सरळ धरून, पण पान काही उलटत नव्हतं. काकांनी भोकापासून सुरुवात केली. पट्ट्या काडकाड मोडत होत्या. चुन्याचा पांढरा धुरळा दोन्ही खोल्यांत भरला, आई ताटांवर परात झाकत होती. बघता बघता अर्धं दार झालं. काका पांढरे फटक, घामाने धुरळ्याचे ओघळ. ते आता अंगाने आमच्या खोलीत आले होते आणि आमच्याकडे पाठ करून दाराची डावी बाजू साफ करत होते. तिथे भिंत जरा पुढे आलेली होती, चुन्याने थापलेली, वीतभर रुंद. दार सरळ व्हायचं तर ती जायला हवी होती. काकांनी पाय रोवले आणि घण खांद्यावर घेतला.

इथे मी क्षणभर थांबते, कारण शेवटचा शब्द मला बाबांना द्यायचा आहे. पुढचं आधीच सांगून टाकते. आम्ही शिमग्याला गावी गेलो आणि आठ दिवसांत परत आलो. पलीकडच्या खोलीत पहिला पाट निकममामांनी मांडला. बसताना ते एवढंच म्हणाले की भात गार होतोय. बाबा गिरणीत परत गेले नाहीत, त्यांना कोणी बोलावलंही नाही. ते आईच्या हाताखाली मासे साफ करू लागले, आणि त्यात मुकादम असल्यासारखे हुकूम सोडू लागले. मी दहावी झाले, दादरच्या एका डेकोरेटरकडे नकाशे काढायला लागले, आणि पुष्कळ वर्षांनी एका चित्रीकरणाला ठरलेली देखणी बाई आली नाही म्हणून मला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. मिस्त्रींनी घण उचलला आणि माझ्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं. तेवढ्यावर मला काम मिळालं.

तर, घण काकांच्या खांद्यावर आहे. बाबा उठून उभे राहिले. ती वीतभर रुंद जागा काय आहे ते त्यांना ठाऊक होतं, कारण बरोब्बर तिच्याच खाली, पहिल्या मजल्यावरच्या वाण्याच्या खोलीत, तो सागवानी खांब उघडा दिसायचा आणि बाबा रोज त्याला टेकून गप्पा मारायचे. बाबांनी तळहात सपाट धरला आणि हवेत कापल्यासारखा फिरवला. माग बंद कर. पुन्हा फिरवला. दोन्ही हातांनी फिरवला. वर्तमानपत्र उडालं. पण काकांचं तोंड भिंतीकडे होतं, आणि ती भाषा पाठमोऱ्या माणसाला ऐकू जात नाही. घण मागे गेला. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे हात हवेतच होते आणि मान लाल झाली होती. आणि मग साचेखात्यात चौदा वर्षं काढलेल्या माणसाचा आवाज, जिन्यातून, गॅलरीतून, आठ गड्यांच्या डोक्यांवरून, समोरच्या चाळीपर्यंत गेला:

“शांत्या, थांब रे मेल्या! खांब आसा तो. वयर माणसां रवतत!”